ॲपोफिलाइट आणि स्टिल्बाइट एकाच पोकळीत : आधी कोणता स्फटिक वाढला?

वाघूर

नमस्कार मंडळी. जामनेरच्या बाजूला माझ्या मावसभावाच्या शेतात विहिरीचे काम चालू आहे. वरचा मुरूम संपल्यावर काळा पाषाण लागला, त्याखाली मांजऱ्याचा थर आला, आणि त्या थरात सुरुंग उडवल्यावर एक मोठी पोकळी फुटली. डबर वर काढताना स्फटिकांचे बरेच तुकडे निघाले, त्यांतला एक मी जपून घरी आणला आहे.

तुकडा तळहाताएवढा आहे. मागच्या बाजूला काळसर बेसाल्ट असून त्यावर हिरवट मातकट पापुद्रा आहे. त्यावर फिकट नारिंगी रंगाचे, मधोमध आवळलेल्या पेंढीसारखे दिसणारे स्फटिक दाटीने उभे आहेत, आणि त्यांच्यात दोन पारदर्शक, चौकोनी, वर टोकदार होत गेलेले स्फटिक रुतलेले आहेत. नारिंगी तो स्टिल्बाइट आणि पारदर्शक तो ॲपोफिलाइट, असे मी वाचनावरून ठरवले आहे.

माझा प्रश्न असा, की ही दोन्ही खनिजे एकाच वेळी एकाच पाण्यातून वाढली, की एकामागून एक? स्टिल्बाइट खाली आहे, म्हणून तो आधीचा असे म्हणावे, तर मोठ्या ॲपोफिलाइटच्या उतरत्या पृष्ठावर स्टिल्बाइटची एक अगदी लहान जुडी बसलेली दिसते. मग क्रम कसा लावायचा? प्रयोगशाळेत न जाता, नुसत्या भिंगाने हे कळू शकते का? आणखी एक विचारायचे आहे. गावातल्या एका व्यापाऱ्याने मागचा खडक करवतीने कापून टाका, तुकडा हलका आणि देखणा होईल, असे सुचवले आहे. तसे करावे का?

सावदेकर

वाघूरभाऊ, वर्णनावरून तुमची ओळख बरोबर वाटते. जळगाव जिल्ह्यातली ही जोडी जगभरच्या संग्रहांत पोहोचलेली आहे, आणि आमच्या सावद्याचे नाव अनेक परदेशी संग्रहालयांच्या चिठ्ठ्यांवर आढळते.

कापण्याच्या प्रश्नावर माझे मत अगदी स्पष्ट आहे. खडक कापू नका. करवतीचा हादरा ॲपोफिलाइटला सोसत नाही. त्याचे पाटन, म्हणजे ठरावीक पातळीवर सपाट फुटण्याचा गुण, तळाला समांतर आणि अतिशय सहज होणारे आहे, त्यामुळे टोकाकडचा भाग एका सपाट चकतीत उडून जाऊ शकतो. शिवाय स्टिल्बाइट ज्या पापुद्र्यावर उभा आहे तो मऊ असतो आणि ओल्या करवतीखाली सुटतो. खदानीत जाणते कामगार पोकळी लागली की आधी भोवतालचा खडक सैल करतात आणि शक्य तेवढा खडक मागे ठेवूनच नमुना उचलतात. मी लहान असताना आमच्या भागातल्या खदानीवर एक म्हातारे मिस्तरी होते. पोकळी दिसली की ते क्रशरकडे जाणारी गाडी थांबवायचे आणि पोरांना सांगायचे, "हाई गार शे, हात नका लावू." गार म्हणजे स्फटिक. त्यांच्यामुळे कितीतरी नमुने खडी होण्यापासून वाचले.

खडकवाटा

वाघूर, प्रश्न फार चांगला आहे. थोडे मागून सुरू करतो, म्हणजे उत्तराचा पाया नीट बसेल.

आपला दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाप्रवाहांचा आहे. आजही त्याने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापले आहे आणि सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते. लाव्हा बाहेर पडतो तेव्हा त्यात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड असे वायू विरघळलेले असतात. दाब कमी झाला की त्यांचे बुडबुडे होतात आणि ते वर चढू लागतात. प्रवाहाचा माथा लवकर गोठतो, त्यामुळे बुडबुडे तिथे अडकून खडक सच्छिद्र राहतो. मधला भाग सावकाश थंडावतो आणि घट्ट होतो, तोच आपला काळा पाषाण. वरच्या प्रवाहाचा घट्ट भाग खोदून झाल्यावर खालच्या प्रवाहाचा सच्छिद्र माथा लागतो, त्याला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात आणि पुस्तकांत कुहरी बेसाल्ट. जिथे अनेक बुडबुडे एकत्र आले, किंवा कवच धरलेल्या लाव्हाखाली वायू साचून राहिला, तिथे मुठीएवढ्यापासून माणूस आत शिरू शकेल इतक्या मोठ्या पोकळ्या तयार झाल्या.

लाव्हा गोठला तेव्हा या पोकळ्या रिकाम्याच होत्या. नंतर भेगांतून आणि सांध्यांतून पाणी झिरपले. बेसाल्टमध्ये स्फटिकांच्या मधल्या जागेत काचेचा अंश असतो, आणि ही काच पाण्यात सर्वांत लवकर विरघळते. तिच्यातून आणि प्लॅजिओक्लेज फेल्स्पारमधून सिलिका, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, सोडियम आणि थोडे पोटॅशियम पाण्यात उतरले. हे कोमट ते गरम पाणी पोकळीत येऊन हळूहळू संपृक्त झाले की भिंतीवर खनिजे वाढू लागतात. तुमच्या तुकड्यावरचा हिरवट पापुद्रा हा पहिला थर आहे. तो मृदखनिजांचा किंवा सेलाडोनाइट या हिरव्या खनिजाचा असावा, आणि लोहयुक्त खनिजांच्या झिजेतून तो तयार होतो. त्यावर पुष्कळदा कॅल्सेडोनी किंवा क्वार्ट्झचा पातळ थर येतो, मग ह्यूलँडाइट, स्टिल्बाइट, आणि त्यानंतर ॲपोफिलाइट. कॅल्साइट मध्येच किंवा अगदी शेवटी येतो. हा क्रम सर्वत्र तंतोतंत पाळला जातो असे मात्र समजू नका, कारण प्रत्येक पोकळीला पाणी वेगळ्या वाटेने आणि वेगळ्या वेळी मिळालेले असते.

रावेरची लेक

खडकवाटा सरांनी सांगितलेल्या क्रमामागे रसायनशास्त्रातले एक साधे कारण आहे, ते इथे मांडते.

पुष्कळ जण ॲपोफिलाइटला झिओलाइट, म्हणजे स्टिल्बाइट-ह्यूलँडाइटांच्या गटातले खनिज, म्हणतात, कारण तो झिओलाइटांच्या सोबत सापडतो. पण झिओलाइटाची चौकट सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम यांच्या जोडणीतून उभी राहते. स्टिल्बाइट या व्याख्येत चपखल बसतो. त्याच्या प्रत्येक सूत्रात २७ सिलिकॉनला ९ ॲल्युमिनियम, सोबत मुख्यतः कॅल्शियम आणि थोडा सोडियम. ॲपोफिलाइटच्या सूत्रात एक पोटॅशियम, चार कॅल्शियम, आठ सिलिकॉन, पाण्याचे आठ रेणू आणि फ्ल्युओरीन किंवा हायड्रॉक्सिल आहे. त्यात ॲल्युमिनियम नाही, आणि त्याची रचनाही चौकटीची नसून थरांची आहे. हाताला जाणवणारे सहज पाटन याच थरांमुळे येते.

आता पोकळीतल्या पाण्याचा हिशेब पाहा. सुरुवातीला त्यात ॲल्युमिनियम आहे, म्हणून ह्यूलँडाइट आणि स्टिल्बाइट वाढतात आणि ते ॲल्युमिनियम आपल्या चौकटीत बांधून टाकतात. स्टिल्बाइटला पोटॅशियम फारसा लागत नाही आणि फ्ल्युओरीन तर लागतच नाही, त्यामुळे हे दोन्ही पाण्यात मागे राहतात. ॲल्युमिनियम आटले, सिलिका आणि कॅल्शियम मात्र शिल्लक आहेत, अशा पाण्यातून ॲपोफिलाइट वाढायला अनुकूल स्थिती येते. म्हणजे आधीच्या खनिजाने पाण्याची घडण बदलली आणि नंतरच्या खनिजाला वाट करून दिली. पुढे खडकातून नवे पाणी झिरपले आणि ॲल्युमिनियम पुन्हा आले, तर स्टिल्बाइटची दुसरी पिढी ॲपोफिलाइटच्या अंगावर वाढू शकते. वाघूरदादांच्या तुकड्यावरची लहान जुडी अशीच आली असावी, असे मला वाटते.

धुळ्याचा आप्पा

दोघांचेही लिखाण आवडले, पण एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. पाणी कोमट ते गरम होते असे सर म्हणतात. ती उष्णता लाव्हाचीच असली पाहिजे. प्रवाह थंडावत असतानाच हे सगळे घडले असेल, नाहीतर एवढ्या मोठ्या प्रदेशात पाणी तापवणार कोण? आणि आमच्या धुळे-नंदुरबार पट्ट्यात तर डाइकांची रांगच्या रांग आहे. माळावर काळ्या भिंती उभ्या दिसतात, त्या म्हणजे भेगांत वर चढून गोठलेला लाव्हाच. अशा डाइकाच्या शेजारचे पाणी उकळलेच असेल. तेव्हा कोट्यवधी वर्षांचे लांबण लावायची गरज मला दिसत नाही.

नंदुरबारी

आप्पांशी सहमत. नवापूरकडे जाताना त्या भिंती दिसतात तेव्हा त्यांच्या उष्णतेचा विचार मनात येतोच.

खडकवाटा

आप्पा, शंका रास्त आहे, आणि उत्तराचा एक भाग तुमच्या बाजूने जातो. प्रवाह थंडावतानाच्या उष्णतेने सुरुवातीची काही खनिजे, विशेषतः मृदखनिजांचे अस्तर, तयार झाली असतील. पण ॲपोफिलाइटबाबत आपल्याजवळ थेट पुरावा आहे. त्यात पोटॅशियम असल्यामुळे किरणोत्सारी क्षयावरून त्याचे वय काढता येते, आणि दख्खनमधल्या ॲपोफिलाइटांची अशी वये काढली गेली आहेत. त्यांचे दोन गट पडतात. एक सुमारे साडेचार कोटी वर्षांच्या आसपासचा आणि दुसरा सुमारे अडीच ते पावणेतीन कोटी वर्षांचा. लाव्हा ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा आहे. म्हणजे या स्फटिकांची वाढ आणि लाव्हा गोठणे यांत किमान दोन कोटी वर्षांचे अंतर पडते. लाव्हाच्या एखाद्या प्रवाहाची किंवा डाइकाची उष्णता इतका काळ टिकणे शक्य नाही, आणि डाइक तर त्याच ज्वालामुखीय काळातले आहेत.

मग पाणी तापवले कोणी, हा तुमचा प्रश्न उरतोच. जमिनीत खोल जाताना दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसने तापमान वाढते. बेसाल्टच्या थरांवर थर साचून जे प्रवाह खोल गाडले गेले, त्यांच्यातले पाणी कायमच कोमट राहिले. पुढे भूहालचालींनी नव्या भेगा पडल्या की खोलचे पाणी वर येऊ लागले. जॉर्ज वॉकर यांनी १९६० साली पूर्व आइसलंडच्या बेसाल्टमध्ये दाखवून दिले होते, की झिओलाइटांचे प्रकार लाव्हाच्या थरांची सीमा न पाळता, गाडले जाण्याच्या खोलीप्रमाणे आडव्या पट्ट्यांत बदलत जातात. खोली आणि तापमान हे क्रम ठरवणारे घटक आहेत, ही कल्पना तिथून पक्की झाली. आपल्याकडे धूप होऊन वरचे थर निघून गेले आणि एकेकाळी खोल असलेल्या पोकळ्या आज विहिरीच्या तळाशी लागतात.

धुळ्याचा आप्पा

वयाचा पुरावा असेल तर तो मान्य करायलाच हवा. तरीही डाइकांच्या कडेला पोकळ्यांतली खनिजे वेगळी असतात का, हे कोणी नीट पाहिले पाहिजे, असे माझे म्हणणे कायम आहे. आमच्याकडे लळिंगच्या बाजूला हिंडताना मी यापुढे त्याकडे लक्ष ठेवीन.

केळीबाग

थोडे विषयाला सोडून विचारतो. आमच्याकडे म्हणतात की विहिरीत गार लागली म्हणजे पाणी जवळ आले. मांजऱ्या लागला की पाणी मिळतेच का?

सावदेकर

केळीबागभाऊ, मांजऱ्याची छिद्रे रिकामी आणि एकमेकांना जोडलेली असतील तर पाणी चांगले लागते. पण हीच छिद्रे झिओलाइटांनी आणि कॅल्साइटने पूर्ण भरली असतील, तर त्या थरात पाणी धरायला जागाच उरत नाही. तेव्हा गार दिसणे म्हणजे कधीकाळी इथे पाणी होते याची खूण आहे, आज ते असेलच असे नाही. आज पाणी आहे की नाही, हे थराच्या भेगांवरून आणि झिजेवरून ठरते. मांजऱ्या मऊ पडतो, लवकर झिजतो, म्हणून तो पुष्कळदा पाणी देतोही, यातून हा समज रूढ झाला असावा. वाघूरभाऊंच्या मावसभावाला पाणी आणि स्फटिक दोन्ही मुबलक लाभोत.

नंदुरबारी

पारदर्शक स्फटिक ॲपोफिलाइटच आहे, साधी गारगोटी नाही, हे खात्रीने कसे सांगता येते? बाजारात दोन्ही 'स्फटिक' म्हणूनच विकले जातात.

रावेरची लेक

सोप्या खुणा आहेत. क्वार्ट्झचा, म्हणजे गारगोटीचा, स्तंभ सहा बाजूंचा असतो आणि त्याच्या बाजूंवरच्या बारीक रेषा आडव्या असतात. ॲपोफिलाइट चतुष्कोणीय असल्यामुळे चार बाजूंचा दिसतो आणि त्याच्या बाजूंवरच्या रेषा उभ्या, लांबीला समांतर असतात. क्वार्ट्झची कठिनता मोसच्या दहा अंकी मापावर ७, म्हणून चाकूचा ओरखडा उठत नाही. ॲपोफिलाइटची ४.५ ते ५ असल्याने पोलादी टोकाचा ओरखडा उठतो, पण ही परीक्षा चांगल्या नमुन्यावर करू नये, सोबत निघालेल्या फुटक्या तुकड्यावर करावी. सर्वांत खात्रीची खूण चमकेची आहे. ॲपोफिलाइटच्या उभ्या बाजू काचेप्रमाणे चमकतात आणि तळाला समांतर असलेले सपाट पृष्ठ मौक्तिक चमक दाखवते. स्फटिक दिव्याखाली सावकाश फिरवला की एका पृष्ठावर उजेड परतून येतो आणि दुसऱ्यावर आतून पसरल्यागत दिसतो. एकदा हा फरक डोळ्यांत बसला की ओळख चुकत नाही.

स्टिल्बाइटलाही एका पृष्ठावर मौक्तिक चमक असते, मात्र तो ३.५ ते ४ कठिनतेचा, एकनताक्ष (एक अक्ष कललेल्या स्फटिकवर्गातला) आणि चपटा असतो, आणि त्याचे स्फटिक टोकांकडे पसरत गेलेले असतात.

भुसावळ जंक्शन

माझ्याजवळ अशाच जोडीचा एक तुकडा आहे. त्यावर मातीचा पांढुरका थर बसला आहे. गारगोट्या ॲसिडने साफ करतात, तसे हेही करावे का? आणि प्रदर्शनाच्या कपाटात पिवळा दिवा लावण्याचा विचार आहे.

नाशिकस्थित खान्देशी

भुसावळकर, ॲसिड अजिबात वापरू नका. हायड्रोक्लोरिक आम्लात स्टिल्बाइट आणि ॲपोफिलाइट दोन्ही विघटित होतात. चमकदार पृष्ठे मंद पडतात आणि ती चमक पुन्हा कधीच येत नाही. शिवाय पांढरा थर कॅल्साइटचा असेल, तर तो नमुन्याच्या इतिहासाचा भाग आहे आणि ॲसिडने तो नाहीसा होईल. साधे, खोलीच्या तापमानाचे पाणी, मऊ केसांचा ब्रश आणि भरपूर धीर एवढे पुरे. माती पुष्कळदा रात्रभर भिजवल्यावर आपोआप सुटते. ध्वनिलहरींनी धुण्याची यंत्रे ॲपोफिलाइटला वापरू नयेत, कारण पाटनाच्या पातळीवर तो उकलतो.

दिव्याबद्दलही सावध राहा. ॲपोफिलाइटच्या वजनात सुमारे १६ टक्के पाणी असते आणि स्टिल्बाइटच्या वजनात सुमारे १८ टक्के. हे पाणी स्फटिकाच्या घडणीतच बसलेले आहे. जोराने तापवल्यास ॲपोफिलाइट पापुद्र्यांत सुटतो. कपाटात तापणारा दिवा ठेवू नये, थंड प्रकाशाचा एलईडी ठेवावा, आणि खिडकीतल्या थेट उन्हापासून नमुना दूर असावा.

नाशिकला राहत असल्याने एक सुचवतो. सिन्नरचे गारगोटी संग्रहालय सवडीने पाहून या. दख्खनच्या झिओलाइटांचे मोठे नमुने तिथे एकत्र मांडलेले आहेत, आणि दोन खनिजांच्या जोड्या किती तऱ्हांनी जुळतात हे समोरासमोर दिसते.

भुसावळ जंक्शन

मनापासून आभार. पाण्यात भिजवायला आजच ठेवतो. दुसऱ्या कोणत्या जोड्या पाहण्यासारख्या आहेत, तेही सांगावे.

नाशिकस्थित खान्देशी

माझ्या दृष्टीने सर्वांत देखणी जोडी पुण्याजवळच्या वाघोलीची आहे. तिथे स्टिल्बाइटवर कॅव्हॅन्साइटचे गडद निळे गोळे बसलेले असतात. कॅव्हॅन्साइट हा कॅल्शियम आणि व्हॅनेडियमचा सिलिकेट आहे. त्याचे पहिले वर्णन १९७३ साली अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या नमुन्यांवरून झाले, पण जगातले उत्तम नमुने वाघोलीच्या दगडखाणींतून आले. व्हॅनेडियमचाच अगदी अल्प अंश ॲपोफिलाइटमध्ये गेला की तो हिरवा होतो, आणि पुण्याच्या पाषाण भागातला व राहुरीजवळचा हिरवा ॲपोफिलाइट संग्राहकांत प्रसिद्ध आहे. आपल्या जळगावचा ॲपोफिलाइट बहुधा रंगहीन असतो, आणि नारिंगी स्टिल्बाइटच्या पार्श्वभूमीवर तो अधिक उठून दिसतो. रंगहीन असल्याने त्याच्या आत काय अडकले आहे तेही पाहता येते, ही त्याची खरी जमेची बाजू.

रावेरची लेक

शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे आहे. वाघूरदादांच्या मूळ प्रश्नाची किल्ली तिथेच आहे.

सावदेकर

बाजाराबद्दलही सांगून ठेवतो. सुटा ॲपोफिलाइट स्टिल्बाइटच्या तुकड्यावर चिकटवून जोडी म्हणून विकण्याचे प्रकार होतात. भिंगाखाली सांध्याच्या कडेने पारदर्शक गोंदाची बारीक कड किंवा हवेचे गोल बुडबुडे दिसतात. अतिनील दिव्याखाली कित्येक गोंद निळसर चमकतात. खऱ्या सांध्यावर दोन खनिजांमध्ये फट नसते, आणि एकाच्या पृष्ठांचा ठसा दुसऱ्याच्या तळावर अचूक उमटलेला असतो. खडक मागे असलेला नमुना या बाबतीत जास्त विश्वासार्ह ठरतो.

खडकवाटा

वाघूर, आता भिंगाने काय पाहायचे ते सांगतो. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग पुरेल.

पहिले, ॲपोफिलाइटच्या आत पाहा. स्टिल्बाइटच्या जुडीचे टोक अखंड पृष्ठांसह पारदर्शक स्फटिकाच्या आत शिरलेले दिसले, तर स्टिल्बाइट पूर्ण वाढून झाला होता आणि नंतर ॲपोफिलाइटने त्याला वेढले.

दुसरे, दोघांच्या सीमेवर पाहा. दोन्ही खनिजे एकाच वेळी वाढत असतील तर सीमेवर कोणाचीच स्वतःची पृष्ठे पूर्ण होत नाहीत. तिथे पायऱ्यापायऱ्यांची, रेषांनी भरलेली, कोणत्याही एका खनिजाची न म्हणता येणारी सीमा तयार होते.

तिसरे, ॲपोफिलाइटवर बसलेल्या लहान जुड्या कोणकोणत्या पृष्ठांवर आहेत ते बघा. त्या सर्व बाजूंनी असतील तर पाण्यातून सगळीकडे सारख्या वाढल्या. एकाच बाजूला असतील, तर पोकळीत ती बाजू वर होती आणि पाण्यात तरंगणारे सूक्ष्म स्फटिक तिच्यावर बसून वाढले, असा अर्थ निघू शकतो. मागच्या खडकावर तुम्हाला पोकळीची भिंत दिसतेच आहे, तेव्हा दोन्ही मिळून नमुना पोकळीच्या तळाशी होता की छताला, हेही सांगता येईल. व्यापाऱ्याने कापायला सांगितलेला खडक याच कारणासाठी मोलाचा आहे.

वाघूर

सर्वांचा मी ऋणी आहे. तुकडा पाण्याने धुऊन, खिडकीच्या उजेडात भिंगाने पाहिला. मोठ्या ॲपोफिलाइटच्या तळाशी नारिंगी जुड्यांची टोके थेट आत शिरलेली दिसतात. त्यांच्या कडा तीक्ष्ण आहेत आणि पारदर्शक भागातून त्यांची सपाट पृष्ठे मोजता येतील इतकी स्पष्ट आहेत. धाकट्या ॲपोफिलाइटच्या एका अंगाला मात्र वेगळेच दिसते. तिथे स्टिल्बाइट आणि ॲपोफिलाइट यांच्यामध्ये पायऱ्यांची रेघाळ सीमा आहे, सरांनी सांगितली तशी. वरच्या लहान जुड्या एकच नसून बऱ्याच आहेत. त्या सगळ्या मोठ्या स्फटिकाच्या एकाच उताराच्या बाजूला आहेत आणि त्यांचा रंग खालच्या स्टिल्बाइटपेक्षा फिकट, जवळजवळ पांढरा आहे. खडकाची बाजू खाली ठेवली तर तो उतार वरच्या दिशेला येतो. खडक कापण्याचा विचार मी सोडून दिला आहे.

खडकवाटा

निरीक्षण उत्तम आहे. यावरून मी असे वाचतो. आधी हिरवट अस्तर, मग नारिंगी स्टिल्बाइट. त्याची वाढ संपत आली असताना ॲपोफिलाइट सुरू झाला, आणि काही काळ दोघेही सोबत वाढले. धाकट्या स्फटिकाच्या कडेची रेघाळ सीमा ही त्याची खूण. मोठा ॲपोफिलाइट स्टिल्बाइट थांबल्यावरही वाढत राहिला. नंतर वेगळ्या पाण्याने फिकट स्टिल्बाइटची दुसरी पिढी आणली, आणि ती वरच्या बाजूवर बसली. नमुना पोकळीच्या तळाकडच्या भिंतीचा असावा. दोन खनिजे आहेत, पण वाढीचे टप्पे निदान चार. पहिल्या आणि दुसऱ्या पिढीच्या रंगातला फरक लोहाच्या सूक्ष्म अंशामुळे असू शकतो.

धुळ्याचा आप्पा

म्हणजे 'एकाच वेळी की एकामागून एक' या प्रश्नाला एकाच तुकड्यावर दोन्ही उत्तरे मिळाली. हे वाचून मला माझ्या जुन्या तुकड्यांकडे नव्याने पाहावेसे वाटू लागले आहे.

रावेरची लेक

वाघूरदादा, एक विनंती. चिठ्ठी आजच लिहून ठेवा. गाव, शेताचा गट, विहिरीची खोली, कोणता थर, त्याच्या वर आणि खाली काय होते, आणि तारीख. पुष्कळ चांगल्या नमुन्यांवर नुसते 'जळगाव' लिहिलेले असते, आणि त्यावरून लाव्हाचा कोणता प्रवाह हे कधीच ठरवता येत नाही. खनिजाच्या नावापुढे 'स्टिल्बाइट' एवढेच लिहा. १९९७ पासून कॅल्शियमप्रधान आणि सोडियमप्रधान असे स्टिल्बाइटचे दोन प्रकार मानले जातात, आणि ते रासायनिक विश्लेषणाशिवाय वेगळे सांगता येत नाहीत. आपल्याकडचा सहसा कॅल्शियमप्रधान असतो, तरी न तपासता तसे लिहू नये.

वाघूर

ताई, चिठ्ठी लिहिली. मावसभावाला विचारून थरांची नोंद केली आहे : वर मुरूम, मग काळा पाषाण, त्याखाली लाल गेरूचा हातभर पट्टा आणि लगेच मांजऱ्या. पोकळी गेरूच्या खाली साधारण दीड पुरुष खोलीवर होती. या गेरूला काही अर्थ आहे का?

खडकवाटा

हो, आणि ही नोंद फार उपयोगाची आहे. लाल गेरू म्हणजे दोन लाव्हाप्रवाहांच्या मधला विरामाचा काळ. खालचा प्रवाह गोठून उघडा पडला, त्याचा माथा हवापाण्याने झिजला, आणि मग वरचा प्रवाह त्यावर पसरला. तुमची पोकळी त्या खालच्या प्रवाहाच्या माथ्यातली आहे. गेरूचा थर चिकणमातीचा असल्याने पाण्याला सहसा अडवतो. त्यामुळे खालच्या पोकळ्यांतले पाणी वरच्या पाण्यात सहज मिसळले नसेल, आणि वरच्या प्रवाहात पोकळ्या लागल्या तर त्यांतली खनिजे वेगळ्या क्रमाने आलेली असू शकतात. विहीर अजून पूर्ण झालेली नाही, तर वरच्या काळ्या पाषाणातही काही भरलेली छिद्रे आहेत का, ते डबराच्या ढिगात पाहून घ्या आणि दोन्ही थरांचे तुकडे वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा.

वाघूर

पाहतो. डबर अजून बांधावरच आहे, ट्रॅक्टर लावून हलवण्याआधी दोन्ही थरांचे तुकडे निवडून घेण्याचे मावसभावाने कबूल केले आहे.